बेब रूथ : ब्रदर मथायस यांचा विद्यार्थी

वाचकहो, आपण क्रिकेटवेडी माणसे. बेसबॉल हा अमेरिकेचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असलाच तर सिनेमात किंवा टीव्हीवर. पण डॉन ब्रॅडमन हे नाव निघाले की आपले कान लगेच टवकारतात. १९३२ च्या जुलै महिन्यात हे ब्रॅडमन न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये एका धिप्पाड, गोल चेहऱ्याच्या माणसाशेजारी बसून बेसबॉलचा सामना पाहत होते. त्या माणसाचे नाव जॉर्ज हर्मन रूथ. जग त्याला बेब रूथ या नावाने ओळखते. क्रिकेटला जसे ब्रॅडमन, तसा बेसबॉलला हा.

त्याच्या विक्रमांची यादी मोठी आहे आणि त्यातले थोडेफार आम्ही पुढे सांगणारच आहोत. पण त्याची गोष्ट सांगावीशी वाटली ती दुसऱ्याच कारणाने. खेळाने त्याला पैसा दिला, कीर्ती दिली, लाखो लोकांचे प्रेम दिले. त्याने स्वतःहून एकच गोष्ट मागितली आणि ती तो सतरा वर्षे मागत राहिला. एखादा संघ आपल्या हाती द्यावा, आपण तो घडवावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती कोणी पुरी केली नाही. का केली नाही आणि त्यात चूक कोणाची, हे समजून घ्यायचे तर त्याच्या लहानपणापासून सुरुवात करावी लागते.

बाल्टिमोर शहरातील पिगटाउन या कामगार वस्तीत ६ फेब्रुवारी १८९५ रोजी त्याचा जन्म झाला. आईवडील जर्मन वंशाचे. त्यांना आठ मुले झाली. जगली ती दोनच, जॉर्ज आणि त्याची बहीण मेमी. वडिलांचा दारूचा गुत्ता होता. दोघेही दिवसभर त्यात गुंतलेले, आई बहुधा आजारी. पोरगा रस्त्यावर वाढला. शाळा बुडवायची, तंबाखू चघळायची, गाडीवाल्यांवर दगड मारायचे, गल्ल्यातले पैसे उचलायचे. शेवटी १३ जून १९०२ रोजी वडिलांनी त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूल फॉर बॉइज या संस्थेत नेऊन सोडले. त्या दिवशी संत अंतोनीचा सण होता. मुलाचे वय सात वर्षे. सुधारण्यापलीकडे गेलेला मुलगा अशी त्याची नोंद झाली. सात वर्षांच्या मुलाविषयी मोठ्या माणसांनी असे लिहावे, हे आम्हाला आजही खटकते.

ही संस्था झेवेरियन ब्रदर्स चालवीत. बेल्जियममध्ये १८३९ साली स्थापन झालेला हा व्रतस्थ ब्रदरांचा संघ. इथे अनाथ मुले होती, गरिबांची होती आणि कोर्टाने पाठवलेलीही होती. सगळी मिळून आठशेच्या आसपास. सकाळी मिस्सा, मग शाळा, मग हातांचे काम. कोणी सुतारकाम शिके, कोणी छपाई. जॉर्ज शर्ट शिवायला शिकला. पुढे लाखो डॉलर मिळवू लागल्यावरही तो आपल्या शर्टांच्या कॉलर स्वतः ठीकठाक करी, असे सांगतात. अधूनमधून घरचे त्याला परत नेत आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आणून सोडत. भेटीच्या रविवारी त्याच्याकडे फारसे कोणी येत नसे. १९१२ साली आई वारली.

याच शाळेत त्याला ब्रदर मथायस भेटले. मूळचे कॅनडातील केप ब्रेटनचे, साडेसहा फूट उंच, अंगाने तसेच भरदार. मुलांची शिस्त त्यांच्याकडे होती. ते आवाज चढवीत नसत, त्यांना तशी गरजच पडत नसे. संध्याकाळी ते मैदानावर यायचे, एका हातात बॅट धरायचे, दुसऱ्या हाताने चेंडू उडवायचे आणि असा टोला हाणायचे की चेंडू आभाळात दिसेनासा व्हायचा. खाली शेकडो पोरे माना वर करून उभी. जॉर्ज त्यातलाच एक. ब्रदर लहान लहान पावले टाकत, पाय किंचित आत वळवून पळत. पुढे अमेरिकेतल्या प्रत्येक मैदानावर लोकांनी बेब रूथची जी चाल पाहिली ती ब्रदरांची होती. आपल्याला माहीत असलेला सर्वात मोठा माणूस कोण, असे विचारले की तो ब्रदर मथायस यांचेच नाव घेई.

त्यांनी त्याला वाचायला शिकवले, लिहायला शिकवले आणि खेळायला शिकवले. तो डावखुरा होता आणि शाळेत डावखुऱ्यासाठी हातमोजा नव्हता. त्याला कॅचर केले होते. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणारा, आपला यष्टिरक्षक. डाव्या हातातल्या मोज्यात चेंडू पकडायचा, मोजा झटकन काढायचा आणि त्याच डाव्या हाताने फेकायचा, अशी कसरत हा पोरगा करी. एकदा संघाच्या पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, तो टिंगल करत होता. ब्रदरांनी शिक्षा म्हणून त्यालाच चेंडू टाकायला उभे केले. त्याने टाकला आणि तो पिचर झाला.

१९१४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर ओरिओल्स या संघाचे मालक जॅक डन यांनी त्याला हंगामाचे सहाशे डॉलर ठरवून करारबद्ध केले. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत मुलगा कायद्याने संस्थेच्या ताब्यात असे, म्हणून डन यांनी त्याचे पालकत्वही घेतले. संघातले जुने खेळाडू त्याला डन यांचे नवे बाळ म्हणू लागले. बेब हे नाव तिथून चिकटले. जुलैमध्ये त्याला बॉस्टन रेड सॉक्सने विकत घेतले आणि त्याच ऑक्टोबरात एकोणिसाव्या वर्षी त्याने हेलन वुडफर्ड या मुलीशी लग्न केले.

बॉस्टनमध्ये तो देशातल्या उत्तम पिचरांपैकी एक ठरला. १९१६ मध्ये त्याने २३ सामने जिंकून दिले, १९१७ मध्ये २४. वर्ल्ड सीरिजमध्ये सलग २९ पेक्षा जास्त डाव त्याने प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नाही. हा विक्रम १९६१ पर्यंत टिकला. पण पिचर रोज खेळत नाही, त्याच्या हाताला तीन-चार दिवसांची विश्रांती लागते आणि रूथचे फटके पाहायला तर लोक रोज यायला तयार. संघातला ज्येष्ठ खेळाडू हॅरी हूपर याने मॅनेजर एड बॅरो यांना पटवले की या पोराला आउटफिल्डमध्ये उभे करा. मैदानाच्या दूरच्या भागात, कुंपणाच्या बाजूला तीन क्षेत्ररक्षक असतात, ते आउटफिल्डर. १९१८ मध्ये तो दोन्ही कामे करू लागला. १९१९ मध्ये त्याने २९ होम रन मारले. होम रन म्हणजे कुंपणापलीकडे मारलेला टोला, आपला षटकार म्हणा ना. त्याआधीचा विक्रम २७ चा होता आणि तो ३५ वर्षे जुना होता.

त्या वर्षाच्या अखेरीस रेड सॉक्सच्या मालकाने त्याला एक लाख डॉलरना न्यूयॉर्क यांकीजला विकले. पुढे काय झाले ते आकडेच सांगतात. १९२० मध्ये ५४ होम रन; अमेरिकन लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संपूर्ण संघाला मिळून तेवढे जमले नाहीत. १९२१ मध्ये ५९. १९२७ मध्ये ६०. १९२३ च्या एप्रिलमध्ये यांकी स्टेडियम उघडले तेव्हा पहिल्याच सामन्यात त्याने होम रन मारला. लोक फक्त फटक्यांची आठवण काढतात, पण आउटफिल्डर म्हणूनही तो पक्का होता. बहुधा तो राइट फील्डला उभा राही. ज्या मैदानात तिथे ऊन डोळ्यांवर येई तिथे डावीकडे. पिचरचा हात असल्यामुळे कुंपणाजवळून त्याने फेकलेला चेंडू सरळ आणि जोरात येई.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या काळी या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. रूथचे विक्रम अर्ध्या मैदानात झाले, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. त्याचा कारकिर्दीतील ७१४ होम रनचा विक्रम पुढे १९७४ मध्ये मोडला तो हँक ॲरन या कृष्णवर्णीय खेळाडूनेच.

शाळेला तो विसरला नाही. १९१९ च्या एप्रिलमध्ये सेंट मेरीजच्या इमारती आगीत जळाल्या. पुढच्या वर्षी रूथने शाळेतल्या मुलांचे बँडपथक यांकीजबरोबर गावोगाव नेले. मुलांनी स्टेडियममध्ये वाजवावे आणि बांधकामासाठी पैसे जमावेत. १९२६ मध्ये त्याने ब्रदर मथायस यांना कॅडिलॅक मोटार भेट दिली. ती रेल्वेच्या रुळांवर बंद पडली आणि आगगाडीखाली चिरडली. त्याने दुसरी दिली. व्रतस्थ ब्रदरांनी कॅडिलॅकमधून फिरावे का, हा प्रश्न कदाचित आमच्या काही वाचकांना पडेल. देणाऱ्याला दुसरे काही सुचले नसावे.

आता दुसरी बाजू. रूथला पैसा पुरत नसे, झोप नको असे आणि खाण्यापिण्याला धरबंध नव्हता. दारूबंदीच्या काळात तो दारू पीत होता. बायकांच्या बाबतीतही त्याचे वागणे लपून राहिले नव्हते. हेलनशी त्याचा संसार मोडला. दोघेही कॅथलिक असल्यामुळे घटस्फोट न घेता वेगळी राहिली आणि १९२९ च्या जानेवारीत घराला लागलेल्या आगीत ती बिचारी मृत्युमुखी पडली. त्याच एप्रिलमध्ये त्याने क्लेअर हॉजसन हिच्याशी विवाह केला. क्लेअरने त्याला बरेच मार्गावर आणले.

१९२२ मध्ये यांकीजने त्याला कप्तान केले होते. आठवडाही झाला नाही तोच त्याने अंपायरच्या अंगावर माती फेकली आणि शिवी देणाऱ्या प्रेक्षकामागे तो स्टँडमध्ये धावला. कप्तानपद गेले. १९२५ मध्ये तर तो आजारी पडून शस्त्रक्रिया झाली, आणि बरा होऊन आल्यावरही रात्र रात्र बाहेर राहू लागला. मॅनेजर मिलर हगिन्स अंगाने चिमुकले, त्याच्या खांद्याला लागणारे. त्यांनी त्याला निलंबित केले आणि पाच हजार डॉलर दंड ठोठावला. रूथ तणतणत मालक जेकब रूपर्ट यांच्याकडे गेला. रूपर्ट यांनी हगिन्सची बाजू घेतली. रूथला माफी मागावी लागली.

मॅनेजर हा शब्द आला म्हणून सांगतो. बेसबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे मुख्य प्रशिक्षक. कोण खेळणार, कोणत्या क्रमाने खेळणार, पिचर कधी बदलायचा, सगळे तोच ठरवतो. सप्टेंबर १९२९ मध्ये हगिन्स अचानक वारले तेव्हा रूथने ती जागा मागितली. रूपर्ट यांनी नकार दिला. ज्याला स्वतःला आवरता येत नाही त्याच्या हाती पंचवीस माणसे कशी सोपवायची, असा मालकांचा सवाल होता. सवाल चुकीचा नव्हता. पण टाय कॉब हा त्या काळातला दुसरा महान आउटफिल्डर. तोही एकदा प्रेक्षकांत घुसून एका अपंग माणसाला मारून आला होता. त्याला डेट्रॉइटने सहा वर्षे मॅनेजर ठेवले. मग रूथच्याच वेळी हा काटा इतका बारीक का झाला? आम्हाला वाटते, मालकांना हसणारा, खाणारा, टोले मारणारा बेब हवा होता. तो विचार करू शकतो हे त्यांना पाहायचेच नव्हते.

अर्थात संधी आली तेव्हा त्यानेही ती दवडली. १९३३ च्या हंगामानंतर डेट्रॉइटचे मालक फ्रँक नेव्हिन यांनी त्याला बोलावले. रूथ हवाई बेटांवर प्रदर्शनीय सामन्यांसाठी निघाला होता. परत आल्यावर पाहू, म्हणाला. नेव्हिन थांबले नाहीत. त्यांनी मिकी कॉक्रेन याला घेतले आणि डेट्रॉइटने १९३४ मध्ये लीग व १९३५ मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली. रूपर्ट यांनीही त्याला नेवार्क या दुय्यम संघाचे मॅनेजरपद देऊ केले होते. तिथे शीक, मग पाहू. रूथला तो अपमान वाटला. महानगरातल्या राजाने तालुक्याच्या गावी जाऊन बसावे तसे. आमच्या मते त्याने जायला हवे होते.

१९३४ च्या नोव्हेंबरात अमेरिकन खेळाडूंचा संघ जपानला गेला. वयोवृद्ध कॉनी मॅक प्रमुख होते, पण मैदानावर संघ चालवला रूथने. टोकियोच्या गिन्झा रस्त्यावर त्याला पाहायला प्रचंड गर्दी लोटली. चाळिशीला टेकलेल्या या माणसाने तिथे १३ होम रन मारले. आज शोहेई ओहतानी नावाचा जपानी खेळाडू अमेरिकेत पिचर आणि फलंदाज अशी दोन्ही कामे करतो तेव्हा सगळे रूथचीच आठवण काढतात. मॅक त्याला आपल्या जागी फिलाडेल्फियाचा मॅनेजर करण्याचा विचार करत होते, पण दौरा संपेपर्यंत त्यांनी तो सोडून दिला.

१९३५ मध्ये यांकीजने त्याला मोकळे केले. बॉस्टन ब्रेव्ह्स या गाळात रुतलेल्या संघाने त्याला उपाध्यक्ष, सहायक मॅनेजर आणि खेळाडू अशी तीन पदे दिली आणि पुढे मॅनेजर करू, असे सुचवले. पदे कागदावरच होती. खरे मॅनेजर बिल मॅकेक्नी जागेवर होतेच. रूथला सभा-समारंभांना मिरवायचे आणि तिकिटे खपवायची, एवढेच काम. गुडघे दुखत होते, पळवत नव्हते. २५ मे रोजी पिट्सबर्गला त्याने एका सामन्यात तीन होम रन मारले. तिसरा स्टेडियमच्या छपरावरून बाहेर गेला. तो त्याचा ७१४ वा. त्याच दिवशी थांबला असता तर किती शोभले असते! पण तो आणखी काही दिवस खेळला आणि २ जूनला कडवटपणे निवृत्त झाला.

मग तीन वर्षे तो गोल्फ खेळत, शिकार करत, फोन वाजण्याची वाट पाहत राहिला. फोन आला तो १९३८ च्या जूनमध्ये, ब्रुकलिन डॉजर्सचे लॅरी मॅकफेल यांचा. पद होते पहिल्या बेसवरच्या कोचचे. हा कोच मैदानाच्या कडेला उभा राहून धावणाऱ्याला पळ किंवा थांब असे सांगतो. उरलेल्या हंगामाचे पंधरा हजार डॉलर. रूथने ३५ नंबरचा गणवेश चढवला. सामन्याआधीच्या सरावात तो फटके मारी आणि ते पाहायला लोक लवकर येत. मॅकफेल यांना हवे होते ते एवढेच. पण रूथला वाटत होते की पुढच्या वर्षी मॅनेजर बर्ली ग्राइम्स जातील आणि जागा आपल्याला मिळेल.

या एकाच हंगामात तो खऱ्या अर्थाने कोच होता, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो: तो काही फार चांगला कोच नव्हता. खुणा लक्षात ठेवणे त्याला जमत नसे. माणसांची नावेसुद्धा तो विसरे. संघाचा कप्तान लिओ ड्युरोशर त्याचा यांकीजमधला जुना सहकारी, आणि दोघांचे जुने वाकडे. एका सामन्यातल्या चलाखीचे श्रेय वर्तमानपत्राने रूथच्या खुणेला दिले तेव्हा ड्युरोशरने त्याची उघड थट्टा केली आणि दोघे खोलीत हातघाईवर आले. हंगाम संपला, डॉजर्स सातवे आले. ग्राइम्स गेले आणि त्यांच्या जागी नेमला गेला ड्युरोशर. रूथ घरी परतला. त्यानंतर त्याने मोठ्या लीगच्या कोणत्याही संघाचा गणवेश नोकरी म्हणून घातला नाही.

१९४४ मध्ये ब्रदर मथायस वारले. १९४६ मध्ये रूथने अभिमान गिळून पुन्हा विचारले, आणि यावेळी विचारले ते नेवार्कसाठी. तेच नेवार्क, जे त्याने एकदा नाकारले होते. यांकीजची सूत्रे आता मॅकफेल यांच्याकडे होती. उत्तर पत्राने आले. नाही.

त्याच नोव्हेंबरात डाव्या डोळ्यामागे असह्य वेदना होऊ लागल्या. नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात कर्करोग होता, पण त्याला तसे स्पष्ट सांगितले गेले नाही. न्यूयॉर्कच्या फ्रेंच हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री एका मित्राने धर्मगुरूंना बोलावले. रूथने पापनिवेदन केले आणि सकाळी कम्युनियन घेतले. हजारो पत्रे येत होती. त्यातल्या एका पत्रात न्यू जर्सीच्या एका शाळकरी मुलाने पवित्र मरियेचे चमत्कारी पदक पाठवले होते. रूथने ते पायजम्याच्या सदऱ्याला टाचून घेतले. हे सगळे त्याच्या नावाने, त्याच्या मृत्यूनंतर ऑक्टोबर १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात आले आहे.

आवाज गेला होता, वजन उतरले होते. तरी १९४७ मध्ये फोर्ड मोटर कंपनीने अमेरिकन लीजनच्या शालेय वयाच्या मुलांच्या बेसबॉलसाठी त्याला सल्लागार नेमले तेव्हा तो दौऱ्यावर निघाला. गावोगावच्या मैदानांवर उंटाच्या केसांचा कोट आणि टोपी घातलेला हा म्हातारा दिसू लागला. वय अवघे बावन्न. घोगऱ्या आवाजात तो मुलांना बॅट कशी धरायची ते दाखवी. इथे कोणी त्याला खुणा विचारल्या नाहीत. त्याच वर्षी गरीब मुलांसाठी त्याने आपल्या नावाची एक निधिसंस्थाही सुरू केली.

१३ जून १९४८ रोजी, पुन्हा संत अंतोनीच्या सणाच्या दिवशी, यांकी स्टेडियमला पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याचा समारंभ होता. त्याचा ३ नंबरचा गणवेश कायमचा निवृत्त केला गेला. बॅटचा काठीसारखा आधार घेऊन तो पावसाळी हवेत उभा राहिला. १६ ऑगस्टला, अंतिम संस्कार स्वीकारून, त्याने प्राण सोडला. दोन दिवस त्याचा देह स्टेडियममध्ये दर्शनासाठी ठेवला होता. हजारो माणसे रांगेने येऊन गेली, त्यात खांद्यावर पोरे घेतलेले बाप पुष्कळ होते. १९ तारखेला सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये कार्डिनल स्पेलमन यांच्या उपस्थितीत अंत्यविधीची मिस्सा झाली.

न्यूयॉर्कजवळ हॉथॉर्न येथील गेट ऑफ हेवन दफनभूमीत त्याला पुरले. थडग्याच्या उंच दगडावर प्रभू येशू आणि त्याच्याजवळ उभा असलेला एक लहान मुलगा कोरलेला आहे. लोक तिथे अजूनही चेंडू, टोप्या आणि बॅट ठेवून जातात.